शिशाच्या गोळीवरचा लेप

शिसे हा मोठा नमता धातू आहे. ३२७ अंश सेल्सिअसला तो वितळतो, साच्यात ओतला की साच्याचा आकार बिनतक्रार धरतो, आणि जडही असतो. बंदुकीच्या गोळीला ह्याहून सोयीचा धातू पूर्वीच्या कारागिरांना ठाऊक नव्हता. परंतु त्याचा गुण तोच त्याचा दोष. नळीच्या आतील मळसूत्री खाचांतून जाताना मऊ शिसे घासले जाते, त्याचा थर खाचांत बसतो आणि नेम बिघडतो. म्हणून शिशाच्या गोळीला काही तरी अंगरखा लागतोच. रिव्हॉल्वरसाठी स्वतः गोळ्या ओतणारे पाश्चात्य देशांतील हौशी नेमबाज आजही तिला मेणचरबीचा अथवा भट्टीत पक्क्या केलेल्या रंगाचा पातळ लेप देतात. कारागिराच्या लेखी हा केवळ शेवटचा सोपस्कार. पण ह्याच सोपस्काराने एकदा हिंदुस्थानात केवढा अनर्थ घडविला!

१८५३ साली ब्रिटिश सैन्यासाठी एन्फील्ड रायफल मुक्रर झाली. ती तोंडाकडून भरावयाची होती. दारू आणि गोळी कागदाच्या एकाच पुडीत असत. पुडीचे टोक दाताने फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची आणि गोळीकडील टोक आत सारून गजाने ठासावयाचे. ते सहज सरकावे म्हणून त्या टोकाला चरबीचा लेप असे. चरबी कोणत्या प्राण्याची, हा प्रश्न विलायतेत कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

हिंदुस्थानात मात्र तो एका अधिकाऱ्याला वेळीच पडला. येथील हवेत हा लेप कसा टिकतो हे पाहण्यासाठी काही काडतुसे आली, तेव्हा बंगाल सैन्याचे ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर ह्यांनी डिसेंबर १८५३ मध्ये लेखी बजावले, की लेपात शिपायांच्या धर्माला बाधक असे काही नाही ह्याची खात्री झाल्यावाचून ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. कागद दप्तरी दाखल झाला आणि तेथेच राहिला.

पुढे जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे एका खलाशाने ब्राह्मण शिपायाच्या लोट्यातून पाणी मागितले. जातीचे कारण सांगून शिपायाने ते नाकारले. तेव्हा, गाईडुकरांच्या चरबीची काडतुसे दाताने फाडल्यावर तुझी जात कोठे राहणार, असे उत्तर त्याला मिळाले. ही हकीकत सरकारदरबारी पोचली. त्याच महिन्यात सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली. पण आता शिपायांना काडतुसाच्या तुळतुळीत कागदातही चरबी दिसू लागली. दाताऐवजी हाताने फाडण्याची सवलत आली. तीही संशय वाढविणारीच ठरली.

२४ एप्रिलला मीरतेस ही नवी रीत दाखविण्यासाठीच कवायत भरली होती. समोर ठेवलेली काडतुसे जुन्याच तऱ्हेची होती, एन्फील्डची नव्हती. तरीही ९० पैकी ८५ स्वारांनी ती घेण्याचे नाकारले. ९ मे रोजी भर संचलनात त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मीरत पेटले. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. महूच्या परिसरात काडतुसांची वार्ता त्यांच्या कानी आली, ती त्यांनी ‘माझा प्रवास’ मध्ये नोंदविली आहे.

केवळ काडतुसांमुळे एवढा उठाव झाला असे कोणी म्हणणार नाही. १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य खालसा झाले होते. नव्या शिपायांवर समुद्रापलीकडील चाकरीची सक्तीही त्याच वर्षी आली होती. दारू आधीच साठली होती. परंतु लेपाचा प्रश्न १८५३ मध्ये एका चौकशीने आणि एका हुकुमाने मिटण्यासारखा होता. १८५७ मध्ये तेवढ्याच गोष्टीला कोणताही हुकूम पुरेना. कारण ज्याच्यावरचा विश्वास उडाला, त्याची सवलतही कपटासारखी भासते.

१८६६ मध्ये मागून भरावयाची स्नायडर पद्धत आली आणि दाताने फाडावयाचे काडतूस मागे पडले. यंत्राची अडचण यंत्राने दहा वर्षांत दूर केली. माणसाच्या मनावर बसलेला थर मात्र कोणत्याही गजाने खरवडून निघत नाही.