दिंड आणि डिमसम



नागपंचमीला आपण चिरत नाही, तळत नाही, तवा ठेवत नाही. म्हणून पुरणाचे दिंड उकडतो. कणकेच्या पारीत पुरण, चौकोनी घडी, खालून वाफ. झाले दिंड!

दक्षिण चीनमध्येही पारीत भाजी किंवा मांस भरतात. बांबूच्या टोपलीत उकडतात. ते डिमसम. तिबेट-नेपाळातला मोमो त्याचाच भाऊ.

शेंद्र्याच्या एमआयडीसीत दूरदूरचे कामगार राबतात. त्यांना गरम, स्वस्त घास हवा असतो. शेजारची एक बाई म्हणाली, "गुरुजी, गाडी लावू का? पण लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "अगं, कष्टाच्या घासाची लाज कसली? हात धू. ताजंच वीक. आता तुला लिहिता येतं, रोजचा हिशेब वहीत मांड."

मायबहिणींनो, हेच तुम्हालाही सांगतो.