आमदार नसतानाची दहा वर्षं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पत्रकारितेतले अनुभव सांगायला सांगितलं आहे. पण अनुभव सांगत बसलो तर जेवणाची पंगत लांबेल. त्याऐवजी एका आमदाराच्या वाटचालीबद्दल बोलतो. आपल्यापैकी अनेकांची मुलं आता निवडणुकीची भाषा बोलू लागली आहेत आणि शाळेत नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला असायचं, त्यामुळे ते आपल्यापैकी कुणी फारसं वाचलेलं नाही. सर, माफ करा, पण हे खरं आहे.

मी बोलणार आहे ते हरिभाऊ बागडे यांच्याबद्दल. मराठवाडा त्यांना 'नाना' म्हणतो. चित्तेपिंपळगावचे शेतकरी, संघाच्या संस्कारात वाढलेले, जनसंघाच्या मुशीतले. या मांडवात सगळ्या पक्षांचे लोक बसले आहेत, तेव्हा हा प्रचार नाही. त्यांचे विचार पटोत न पटोत, वाटचाल मात्र बघण्यासारखी आहे.

ते १९८५ साली औरंगाबाद पूर्वमधून पहिल्यांदा निवडून आले. नावात शहर असलं तरी त्या मतदारसंघात भोवतालची खेडी होती. त्या वर्षी २८८ जणांच्या विधानसभेत भाजपचे आमदार होते फक्त १६. सत्ता कुठे दृष्टीसही पडत नव्हती. १९९५ ला युतीचं सरकार आलं आणि नाना मंत्री झाले. रोजगार हमीचं खातं त्यांच्याकडे आलं. ही योजना १९७२ च्या दुष्काळातली, वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली, म्हणजे काँग्रेसच्या काळातली. पण खडी फोडणारी बाई मजुरी मागताना योजना कुणाची हे विचारत नाही. सरकार बदललं तरी हमी बदलली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं ते विधानसभेबाहेर होते. साठीच्या आसपासचा माणूस, मंत्रिपद भोगून झालेलं. अशा वेळी बरेच जण मुंबईत फ्लॅट धरून बसतात किंवा पक्ष बदलतात. नानांनी दोन्ही केलं नाही. सहकारी दूध संघ, साखर कारखाना, शेती यांतच ते राहिले. दुधाच्या फॅटचा आणि उसाच्या तोडणीचा हिशेब माणसाला जमिनीवर ठेवतो.

२०१४ ला फुलंब्रीतून निवडून आले आणि १२ नोव्हेंबरला बिनविरोध अध्यक्ष झाले. त्याच दिवशी अल्पमतातल्या फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव त्यांच्या आसनासमोर आवाजी मतदानानं मंजूर झाला. विरोधक मतविभागणी मागत होते, गदारोळ झाला. ती टीका त्यांच्या कारकिर्दीला चिकटली, हेही सांगायलाच हवं.

अध्यक्षाची खुर्ची मोठी अवघड. भलेभले उठून 'अध्यक्षमहाराज' म्हणतात, पण अध्यक्ष स्वतः चर्चेत बोलत नाही. मत देतो तेही समसमान झाली तरच. मार्च २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी गोंधळ घातला म्हणून विरोधी पक्षांचे १९ आमदार निलंबित झाले. ते निलंबन पुढे मागे घेतलं गेलं आणि जूनमध्ये सरकारनं कर्जमाफी जाहीरही केली. पण त्या मार्चमध्ये शेतीचा प्रश्न घेऊन ओरडणारे बाहेर आणि आसनावर शेतकरी, असं ते दृश्य होतं. शिस्त राखायची की मागणीला वाट द्यायची? दोन्ही बाजूंना वजन होतं. पद मिळालं की आपला आवाज काही प्रमाणात गहाण पडतो, हे तिथे कळतं.

२०२४ च्या जुलैअखेर ते राजस्थानचे राज्यपाल झाले. १६ आमदारांच्या बाकावरून जयपूरच्या राजभवनापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

मित्रांनो, उद्या तुमचा मुलगा किंवा सून म्हणाली की निवडणूक लढवायची आहे, तर निवडून आल्यावर काय करणार हे विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पडल्यावर काय करणार, ते विचारा. ज्याच्याकडे पडल्यावर करायला गावात काम आहे, त्यालाच मत द्या. आणि आमदार लग्नाला आला का, यापेक्षा अधिवेशनात त्यानं कोणता प्रश्न विचारला, एवढं वर्षातून एकदा तरी बघा.