परिचर्येतील पदव्युत्तर प्रबंध : काम कोठे पूर्ण होते?

परिचर्या म्हणजे सेवा आणि संशोधन म्हणजे डॉक्टरांचे काम, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धकाळात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जखमींची शुश्रूषा तर केलीच. परंतु युद्धानंतर मृत्यूंची आकडेवारी मांडून, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे राज्यकर्त्यांना पटवून दिले. आधुनिक परिचर्येचा पाया असा सेवा आणि नोंद या दोहोंवर घातला गेला.

भारतात परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण १९५९ साली दिल्लीत सुरू झाले. महाराष्ट्रात १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आज या शिक्षणाची मुख्य जबाबदारी आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून प्रबंध हा त्याचा अनिवार्य भाग आहे. हा प्रबंध पूर्ण करणे म्हणजे नेमके काय, याचा विचार केवळ विद्यार्थिनींनीच नव्हे, तर अधिकारी, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांनीही करावयास हवा.

पहिली कसोटी विषयाच्या निवडीची. अनेक प्रबंधांचा साचा ठरलेला असतो : एखाद्या आजाराविषयी तासभर माहिती द्यावयाची, त्यापूर्वी आणि त्यानंतर एकच प्रश्नावली भरून घ्यावयाची, आणि गुण वाढले की शिकवणी परिणामकारक ठरली असे लिहावयाचे. शिकविल्यावर गुण वाढणारच. पण मधुमेहाच्या रुग्णाने घरी गेल्यावर पायांची निगा राखली काय, हा खरा प्रश्न तसाच राहतो. माहिती वाढणे आणि वर्तन बदलणे यांत मोठे अंतर आहे. प्रबंधाने ते अंतर मोजले, तरच रुग्णाच्या पदरी काही पडते.

चांगला प्रश्न बहुधा लहान असतो आणि तो खाटेजवळच सापडतो. इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या पाठीवरील जखमांचा अभ्यास सहकाऱ्यांसह केला व तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणेफिरणे, हातापायांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन कोणत्या रुग्णाला धोका अधिक आहे, हे ठरविण्याची साधी रीत त्यांतून मिळाली. रुग्णाची कूस वेळच्या वेळी बदलण्याचे महत्त्वही अधोरेखित झाले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. लागली ती चिकाटीची नोंद.

असे प्रश्न आपल्या आसपासही विपुल आहेत. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्या दरम्यान वसलेल्या कोपरीचेच उदाहरण घ्यावे. रेल्वेमार्गाच्या पलीकडे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याची स्थापना १९०१ सालची. मनोरुग्ण घरी परतल्यावर त्याची देखभाल करणाऱ्या आईवर किंवा पत्नीवर किती भार पडतो, औषधे कोणत्या कारणाने मध्येच थांबतात, हा विषय एखाद्या विद्यार्थिनीने घेतला, तर तिला कोपरीच्या वस्तीतही जावे लागेल. तेथे मराठी कुटुंबे आहेत, तशी फाळणीनंतर येऊन स्थिरावलेली सिंधी कुटुंबेही आहेत. इंग्रजीतून शब्दशः उतरविलेली प्रश्नावली तेथे निरुपयोगी ठरेल. ‘काळजीवाहकावरील ताण’ असे विचारल्यास उत्तर मिळणार नाही. ‘रात्री झोप लागते का, शेजारीपाजारी येणेजाणे राहिले आहे का’ असे विचारले, तर मिळेल. म्हणूनच मुख्य पाहणीपूर्वी थोड्या कुटुंबांत पथदर्शी पाहणी करून प्रश्न तपासून पाहावे लागतात.

संमतीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. रुग्णालयातील परिचारिकेला रुग्ण सहसा ‘नाही’ म्हणत नाही; उपचारावर परिणाम होईल, अशी भीती त्याला वाटते. म्हणून नकार दिला तरी सेवेत उणे येणार नाही, हे त्याच्या भाषेत सांगणे बंधनकारक मानले जाते. मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच संशोधनासाठी मुक्त व सुजाण संमतीची अट घातली आहे. नैतिकता समितीची मान्यता हा कागदी सोपस्कार नव्हे. दुर्बलाला दिलेले ते संरक्षण आहे.

यापुढचा धोका घाईचा. विषयमान्यता, समितीची संमती आणि रुग्णालयाची परवानगी यांत महिने जातात. माहिती गोळा करण्यास थोडे दिवस उरतात. अशा वेळी अपुऱ्या प्रश्नावल्या अंदाजाने भरण्याचा मोह होतो. तसे झाले, तर तो प्रबंध निरुपयोगीच नव्हे, घातकही ठरतो; कारण त्यावर विसंबून उद्या दुसऱ्या रुग्णाची शुश्रूषा होईल. अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला, तर तोही तसाच लिहिला पाहिजे. एखादा उपाय उपयोगी पडत नाही, हे कळणे हीही ज्ञानात भरच होय.

प्रबंधाला बांधणी झाली, तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली, की काम संपले असे मानले जाते. ज्या कुटुंबांनी आपला वेळ आणि आपले दुःख उघड केले, त्यांना मात्र निष्कर्ष कळत नाही. प्रत्येक प्रबंधाचा दोन पानी मराठी सारांश ज्या रुग्णालयात वा वस्तीत पाहणी झाली तेथे पोचावा, एवढी प्रथा पडली तरी पुष्कळ साधेल. अधिकाऱ्यांनी परवानगीच्या अर्जावर वेळेत निर्णय द्यावा. शिक्षकांनी विद्यार्थिनीला साचा न देता प्रश्न शोधू द्यावा. ग्रामीण भागात पाहणी होत असेल, तर पंचायत सदस्यांनी लोकांना तिचा हेतू समजावून द्यावा. परंतु कोणाला भाग घेण्याचा आग्रह करू नये.

खाटेजवळ उपजलेला प्रश्न उत्तर घेऊन त्याच खाटेजवळ परत आला, म्हणजे प्रबंध पूर्ण झाला. तोपर्यंत तो केवळ सादर झालेला असतो.