जयणा आणि बाहेर पडण्याची वाट
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



या मंगल प्रसंगी मी एका दुर्लक्षित विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. मंदिर किंवा उपाश्रय उभारताना प्रवेशद्वाराच्या कमानीचा आपण पुष्कळ विचार करतो. संकटकाळी शेकडो माणसे बाहेर कशी पडतील, हा विचार मात्र राहून जातो.

२५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, दुकानांनी वाट अरुंद केली होती. आपल्याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर जाण्यास केवळ पायवाट असल्याने अवजड यंत्रे पोहोचू शकली नाहीत. एकाच वाटेवर विसंबणे किती महाग पडते, हे याहून वेगळे काय सांगावे?

आता कर्जत-खोपोली परिसरातील आपल्या वास्तूंकडे पाहू. संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला सभागृह भरलेले असते. तेउकायाच्या जीवांची विराधना टळावी म्हणून आपण दिवे लावत नाही. वृद्ध मंडळी कटासणावर बसलेली असतात. अशा वेळी मागच्या दाराला कुलूप आणि पुढच्या दाराशी चपलांचा ढीग असेल, तर काय होईल?

उपाय कठीण नाहीत. सभागृहाला परस्परांपासून दूर अशी किमान दोन दारे असावीत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सभागृहाचे निर्गमद्वार किमान दोन मीटर रुंद असावे आणि ते बाहेरच्या दिशेने उघडावे. कार्यक्रम चालू असताना कुलूप नको. चपलांचे कपाट वाटेपासून दूर ठेवावे. दिवसाचा उजेड साठवून अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या दारापर्यंत लावाव्यात. त्यांना वीज लागत नाही, ज्योतही लागत नाही. आपला आचारही पाळला जाईल आणि वाटही दिसेल. चार स्वयंसेवकांनी वृद्धांना हात देऊन बाहेर नेण्याचा सराव पर्युषणापूर्वी एकदा अवश्य करावा.

पाऊल टाकताना मुंगी दुखावू नये म्हणून आपण खाली पाहून चालतो. तीच जयणा वास्तूच्या नकाशातही उतरली पाहिजे. शिखरासाठी आपण उत्साहाने चढावे बोलतो. यंदा कोणीतरी दुसऱ्या दाराचाही लाभ घ्यावा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.