नव्या शिडाचें माप

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील नौकामंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाचें औचित्य साधून तरुण मंडळींनीं एक पंचवीस फुटी शिडाची नौका विकत घेतली, हें आपणां सर्वांस विदित आहेच. २००९-१० सालीं कमांडर दिलीप दोंदे हे गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईस परतले, आणि २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ नौकेंतून तशीच प्रदक्षिणा पुरी करून आल्या. तेव्हांपासून आमच्या मुलामुलींच्या मनांत शिडाची हौस पुन्हां जागी झाली आहे. नौका चांगली आहे. तिचें मोठें शीड मात्र जीर्ण झालें आहे. उन्हानें शिवणी गेल्या आहेत, आणि कापड अंगठ्यानें दाबतांच फाटतें. दुसरें शीड हवें, याविषयीं दुमत नाहीं. दुमत आहे तें इतकेंच, कीं आपल्यांतील एका उदार गृहस्थांनीं दुसऱ्या नौकेवरचें जवळजवळ कोरें शीड महोत्सवाची भेट म्हणून दिलें असतां, लोकांची वर्गणी खर्चून निराळें कां शिवून घ्यावें? प्रश्न रास्त आहे. त्याचें मोघम उत्तर देणें म्हणजे दात्याचा आणि वर्गणीदारांचा, दोघांचाही अनादर होईल.

वडीलधाऱ्यांस प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या मच्छीमार होड्यांचें जुनें शीड एका लांब तिरप्या काठीस दोऱ्यांनीं बांधलेलें असे. तें वीतभर मोठें निघालें, तर बांधणी सैल-घट्ट करून, काठी थोडी वर-खालीं करून तांडेल तें बसवून घेई. म्हणून ‘शीड तें शीड, बसेल कीं’ असें म्हणणारे म्हातारे आपल्या परीनें खोटें बोलत नाहींत. परंतु या नौकेचें शीड निराळ्या जातीचें आहे. तें त्रिकोणी असून त्याची पुढची कड सरकत्या खुंट्यांनीं डोलकाठीच्या खांचेंत अडकविलेली असते, आणि खालची कड त्या आडव्या काठीवर, जिला मुलें ‘बूम’ म्हणतात, ताणलेली असते. बूम बिजागरीनें डोलकाठीस जखडलेली आहे, आणि डोलकाठीचा शेंडा कांहीं आपल्या सोयीसाठीं उंच होणार नाहीं. तडजोडीस जागाच उरत नाहीं.

आमच्या डोलकाठीवर बूमपासून शेंड्याच्या खुणेपर्यंत २८ फूट भरतात. भेटीच्या शिडाची पुढची कड २९ फूट आहे. एका फुटाचें तें काय, असें वाटेल. पण शीड अगदीं शेंड्यापर्यंत चढविलें तरी ती कड ताणली जाणार नाहीं. तिच्यावर आडव्या सुरकुत्यांची रांग पडेल, शिडाचें पोट मागें सरकेल, आणि वारा वाढला कीं नौका कलत राहील, पुढें मात्र जाणार नाहीं.

मग फूटभर कापून टाका, असें कोणी म्हणेल. बंधूंनो, शीड म्हणजे सपाट चादर नव्हे. कापडाचे पट्टे किंचित् वक्र शिवणीनें जोडून त्यास पोट दिलेलें असतें. खालून कापावें, तर खालचे दोन्ही कोपरे जातात. आणि शिडाचा मोठा ताण त्या कोपऱ्यांवरच येत असल्यामुळें तेथें थरांवर थर शिवून बळकटी आणलेली असते. शिवाय जोराच्या वाऱ्यांत शीड आखूड करण्यासाठीं जी भोकांची ओळ ठेवलेली असते, ती बूमच्या फूटभर जवळ येते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळीं शीड हवें तितकें लहान होतच नाहीं. वरून कापावें, तर माथा रुंद होऊन डोलकाठीच्या शेंड्यापासून नौकेच्या मागल्या टोकास आणलेल्या ताणाच्या तारेवर घासूं लागतो. त्या शिडाच्या खुंट्या चपट्या आहेत व आमची खांच गोल आहे, हा दोष मात्र किरकोळ. खुंट्या बदलतां येतात.

दुसरी सूचना अशी, कीं निदान जुन्याच शिडाचें माप कारागिराकडे पाठवावें. तीही आम्हांस मान्य नाहीं. जुन्या शिडाच्या कडेचा दोर वर्षानुवर्षें आटत जातो आणि कापड ताणून सैल पडतें. एकाच शिडांत दोन तऱ्हेचीं खोटीं मापें सांपडतात. माप घ्यावयाचें तें नौकेचें. शीड चढविण्याच्या दोरास पोलादी फीत बांधून ती शेंड्याच्या खुणेपर्यंत न्यावी, दोर घट्ट करावा, आणि बूमच्या वरच्या अंगाशीं आंकडा वाचावा. त्याच कडीस खालीं ओढण्याची दोरीही आधींच बांधून ठेवावी, नाहींतर फीत वरच लटकत राहील! भरलेल्या मापाहून शीड चार-सहा इंच आखूड शिवावें, कारण ताण दिल्यावर कड लांबते. मग बूमची लांबी, ताणाच्या तारेचें अंतर, आणि खांचेची रुंदी मिलिमीटरमध्यें.

सर्वांत अधिक चुकतें तें पुढच्या खालच्या कोपऱ्याचें माप. कोपरा ज्या खिळ्यास अडकवितात, तो खांचेच्या सरळ रेषेंत नसून दोन-तीन इंच मागें असतो. हें अंतर कारागिरास कळविलें नाहीं, तर तो कोपरा रेषेंतच शिवतो. मग खिळ्यास अडकवितांच तेथून तिरप्या सुरकुत्या उठतात आणि सर्वांत खालची खुंटी खांचेंतून उपटूं पाहते. शेजारच्या बंदरांतील एका नौकेवर हेंच घडलें. शीड परत गेलें, आणि आखा हंगाम वायां गेला.

हंगाम गेला तर पुढला येईल. परंतु वैशाखांत वळवाचा वारा किती थोड्या वेळांत उठतो, हें या किनाऱ्यावर कोणास सांगावयास नको. त्या क्षणीं खांचेंत एक खुंटी अडकली आणि शीड खालीं येईना, तर आंत बसलेलीं सहा मुलें कोणाचीं असतील, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. म्हणून शीड शिवून आल्यावर प्रथम धक्क्यापाशींच, शांत सकाळीं, नौकेचें तोंड वाऱ्याकडे करून तें चढवावें आणि दोर एकदम सोडून द्यावा. तें आपल्या भारानें सरळ खालीं आलें पाहिजे. ओढावें लागलें, तर कोणती खुंटी अडते तें शोधून काढावें. तोंवर एकाही मुलास नौकेंत बसूं देऊं नये. पोट, सुरकुत्या, वेग यांची चिकित्सा त्यानंतर.

भेटीच्या शिडाविषयीं दात्यांशीं आमचें बोलणें झालें आहे. हीं मापें ऐकून त्यांनीं स्वतःच सुचविलें, कीं महोत्सवाच्या दिवशीं मंदिराच्या अंगणांत वृद्धांच्या बैठकीवर तें सावलीसाठीं बांधावें, आणि पुढें त्याच्या मापाची डोलकाठी असलेली नौका मिळाल्यास तिला द्यावें. फीत आमच्या घरीं आहे. येत्या शनिवारीं सकाळीं, वारा उठण्यापूर्वीं, दोघां-तिघांनीं यावें; आंकडे लिहिण्यास एक शाळकरी मुलगी पुरे.