विहिरीवरचा पहारा
(शिक्षक मेळाव्यातील भाषण)



इतिहासाच्या तासाला आपण अमेरिकेतील गुलामगिरीचा उल्लेख करतो, अब्राहम लिंकनचे नाव सांगतो आणि पुढील पाठाकडे वळतो. त्यामुळे मुलांचा असा ग्रह होतो की, कृष्णवर्णीय लोक केवळ दुःख भोगीत होते व दुसऱ्या कोणी तरी त्यांस सोडविले. हे चित्र अपुरे आहे. काळ्या माणसास उपजतच बुद्धी कमी, या समजुतीचा आधार गुलामगिरीला दिला जात असे. ती समजूत कशी टिकली व तिला कोणी आव्हान दिले, हेही मुलांस कळावयास हवे.

ही समजूत केवळ अडाण्यांची नव्हती. सर्व माणसे समान आहेत, असे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारे टॉमस जेफर्सन यांनीच पुढे आपल्या ग्रंथात लिहिले की, युक्लिडची भूमिती समजू शकेल असा कृष्णवर्णीय मनुष्य क्वचितच आढळेल. १७९१ साली मेरीलँडमधील बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने त्यांस पत्र लिहिले आणि स्वतः गणित करून सिद्ध केलेले पुढील वर्षाचे पंचांग सोबत पाठविले. खगोलशास्त्र तो उसन्या पुस्तकांवरून शिकला होता. समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्याने गुलाम कसे बाळगावेत, हा जाबही त्याने त्या पत्रात विचारला. जेफर्सन यांनी सौजन्याने उत्तर दिले व ते पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या चिटणिसांकडे धाडले. तथापि १८०९ साली, बॅनेकरच्या मृत्यूनंतर, एका खाजगी पत्रात त्यांनीच शंका व्यक्त केली की, त्याला शेजाऱ्याचे साहाय्य असावे.

पूर्वग्रह असा असतो. त्याच्यापुढे पुरावा ठेविला तर तो पुराव्यावरच संशय घेतो, नाही तर त्यास अपवाद म्हणून बाजूस सारतो. म्हणून थोरांची नावे पाठ करून घेतल्याने आपले काम पुरे होत नाही. ‘त्यांना शिकता येत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात काय केले, हेही मुलांपुढे ठेवावे. व्हर्जिनियात १८३१ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहावाचावयास शिकविणारे वर्ग बेकायदा ठरविले. मुलांना विचारा, ज्यांस शिकताच येत नाही त्यांच्यासाठी असा कायदा कशाला हवा? विहीर कोरडी आहे अशी खात्री असलेला मनुष्य तिच्यावर पहारा बसवीत नाही.

फ्रेडरिक डग्लसने हा पहारा चुकविला. बाल्टिमोर येथे मालकिणीने त्यास मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला, परंतु मालकाने ते बंद पाडले. तेव्हा रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांस पाव देऊन त्या बदल्यात तो वाचावयास शिकला. १८३८ साली तो गुलामीतून निसटला. त्याचे वक्तृत्व ऐकून, हा कधी गुलाम होता हेच काहींना खरे वाटेना. त्याने १८४५ साली आत्मचरित्र लिहून नावागावासह उत्तर दिले.

१८६५ साली गुलामगिरी संपली. १८८१ साली टस्कीगी येथे बुकर वॉशिंग्टन यांनी शाळा सुरू केली व १८९६ साली गुलामीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेथे शेतीशास्त्र शिकवू लागले. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे ते आपणांस परिचित आहेतच. १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेस निघण्यापूर्वी यंत्राने केलेले गणित कॅथरीन जॉन्सन या कृष्णवर्णीय विदुषीकडून पुन्हा तपासून घेण्यात आले. युक्लिडविषयीच्या त्या शंकेस याहून चोख उत्तर कोणते?

या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. ज्ञानावरचा पहारा येथेही होता, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून आपणांस माझी एक विनंती आहे. एखाद्या वस्तीच्या किंवा जातीच्या मुलांविषयी ‘यांच्या डोक्यात शिरत नाही’ हे वाक्य ओठांवर आले, तर ते उच्चारण्यापूर्वी त्या मुलाच्या वाटेवर कोणता पहारा बसला आहे ते शोधावे. तो कामाचा असेल, भुकेचा असेल, भाषेचा असेल. कदाचित आपल्याच नजरेचा असेल. इतरांचा पहारा उठविण्यास वेळ लागेल. आपल्या नजरेचा पहारा मात्र उद्या सकाळच्या हजेरीलाच उठविता येईल.