आजीच्या लुगड्याचे तोरण



भाद्रपद सरत येतो, पावसाचा जोर ओसरतो आणि गच्च्यांवर, चाळीच्या कठड्यांवर, गावाकडे नदीच्या काठावर गोधड्या वाळत पडलेल्या दिसू लागतात. घटस्थापनेपूर्वी घरातील सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चार महिन्यांचा ओलावा आणि कुबट वास शरदाच्या उन्हात निघून जातो. ट्रंका उघडल्या जातात, कपाटे रिकामी होतात, कधी काळी ठेवून दिलेली वस्त्रे पुन्हा दृष्टीस पडतात. शरद ऋतूला चांदण्याचा ऋतू म्हणतात. गृहिणीच्या दृष्टीने तो तितकाच वस्त्रांचाही ऋतू आहे. आणि नेमक्या याच दिवसांत दाराशी बोहारणीची हाक येते.

पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात काही वर्षांपूर्वी अशीच हाक आली. सासूबाईंना जाऊन वर्ष उलटून गेले होते. त्यांच्या ट्रंकेत सहा नऊवारी लुगडी होती. दोन इरकली, बाकीची सुती, सगळी वापरून मऊ झालेली. सूनबाई बँकेत नोकरीला. आवराआवरीला एक रविवार मिळालेला. सहा लुगड्यांच्या बदल्यात झाकणाचा एक स्टीलचा डबा आणि एक पातेले, असा सौदा ठरत आला होता. तेवढ्यात सहावीतली मुलगी बाहेर आली आणि त्यातले हिरवे इरकली उचलून आत घेऊन गेली. आजीच्या मांडीवर डोके ठेवले की गालाला लागायचे ते हेच, एवढेच तिचे म्हणणे. सौदा मोडला. बोहारीण चार शब्द बोलून गेली, आणि सहा लुगडी घरातच राहिली.

पण राहिली म्हणजे त्यांचे करायचे काय? सुती लुगड्यांचे अंग विरले होते. हात लावला तरी फाटत होते. इरकलीचे काठ मात्र शाबूत होते. लुगडे आधी अंगात विरते, काठ मागे उरतो, हे ज्यांनी जुनी वस्त्रे हाताळली आहेत त्यांना ठाऊक असते. जुन्या बायका काठ काढून ठेवीत. त्यांचे परकराला पट्टे लागत, पिशव्यांना बंद होत, गोधडीला कडा लागत. या घरात ठरले की काठांचे तोरण करायचे आणि ते दसऱ्याला दाराला लावायचे.

येथे एक अडचण आली आणि ती क्षुल्लक नव्हती. मुलीच्या आत्या नवरात्रासाठी आल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितले, "गेलेल्या माणसाचे वस्त्र मंगल तोरणाला लावायचे नाही. माझीच आई होती ती, पण रीत ती रीत." सूनबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी एकच विचारले, "वन्सं, तुमच्या मुलाला बाराव्या दिवशी कशात गुंडाळले होते?" तान्ह्या बाळाला आजी-पणजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे करतात, ते नुसते मऊ म्हणून नव्हे. ज्या वस्त्राने आयुष्यभर माया केली, ते बाळाच्या अंगाला आधी लागावे, अशी त्यामागची भावना असते. पणजी हयात असो वा नसो, ते वस्त्र कोणी अशुभ मानीत नाही. आत्यांना हे पटले असे म्हणता येणार नाही. त्यांनी एवढेच मान्य केले की बाहेरच्या दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे आणि झेंडूचे ताजे तोरण लागेल, आणि हे कापडाचे आत, स्वयंपाकघराच्या दाराला. घरातली भांडणे बहुधा अशीच मिटतात, आणि तशी मिटली तर काही बिघडत नाही.

आता हे तोरण करतात कसे, ते सांगितले पाहिजे. कारण हौस पुष्कळांना असते आणि पहिल्याच पानाला ती संपते.

तीन फुटी दाराला अकरा पाने पुरतात. आंब्याच्या पानाचा नमुना पुठ्ठ्यावर कापून घ्यावा. साधारण पाच इंच लांब, दोन इंच रुंद. प्रत्येक पानाला हिरव्या कापडाचे दोन तुकडे, आणि मध्ये ताठपणासाठी शिंप्याकडे मिळणारे बकरम किंवा जुन्या चादरीचा तुकडा. तुकडे सुलट बाजू आत घेऊन शिवावेत, देठाकडची बाजू मोकळी ठेवून पान उलटवावे, इस्त्री फिरवावी आणि मग मधली शीर व बाजूच्या शिरा धावदोऱ्याने घालाव्यात. हा धावदोरा म्हणजे गोधडीचाच टाका. शाळकरी मुलीला तो एका संध्याकाळी येतो, आणि खरे म्हणजे मुलालाही येतो. त्याला कोणी सुई देत नाही एवढेच.

झेंडूसाठी केशरी किंवा पिवळ्या सुती कापडाची तीन इंच रुंद, दोन फूट लांब पट्टी घ्यावी. ती लांबीत दुमडून उघड्या कडेने धावदोरा घालावा, दोरा ओढून चुण्या पाडाव्यात आणि पट्टी गुंडाळत नेऊन तळाशी पक्के टाके घालावेत. फूल आपोआप फुलते. वरची पट्टी काठाची. जुना काठ एकटा ताण सहन करीत नाही. त्याच्या मागे नवे जाड सुती कापड लावावे. लाल आणि हिरवी कापडे आधी निरनिराळी धुऊन सावलीत वाळवावीत, नाहीतर पुढच्या वर्षी तोरण धुताना केशरी झेंडू हिरवा होतो. जरीचा काठ असेल तर तो पाण्यात न घालता नुसता हवेवर टाकावा. आणि पैठणी? घडीवर चिरत चाललेली असली तरी तिला कात्री लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ती मलमलीत गुंडाळून, दर वर्षी घडी बदलून ठेवणे हेच तिचे खरे जतन. सगळ्याच जुन्या वस्त्रांची शोभेची वस्तू करायची नसते.

तोरण झाले की हात थांबत नाहीत, असा अनुभव आहे. भोंडल्याच्या पाटावर मध्यभागी हत्ती लागतो. तो रांगोळीचा असतो, खडूचा असतो, अलीकडे छापील कागदाचाही असतो. एका जाड कापडावर करड्या कापडाचा हत्ती कापून शिवला, पाठीवर खणाची झूल आणि कपाळावर चार मणी लावले, की तो पंधरा-वीस वर्षे पाटावर बसतो. आकाशकंदिलाला मात्र कापड जपून वापरावे. कामट्यांचा सांगाडा, गव्हाच्या पिठाची खळ, खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, ही जुनी रीत आजही उत्तम आहे. मोरचूद विषारी असल्याने ते मुलांच्या हाती देऊ नये. खण जाड असतो, त्यातून प्रकाश येत नाही. म्हणून बाजूंना पातळ सुती कापड आणि कडांना तेवढा खण घ्यावा. आत जुना तापणारा दिवा नको, एलईडी चालतो.

दसऱ्याला दिल्या जाणाऱ्या आपट्याच्या पानांचाही विचार येथेच व्हायला हवा. त्या एका दिवसासाठी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपटा मिळाला नाही की कांचनाची पाने सोने म्हणून खपवली जातात, आणि घेणाऱ्यालाही फरक कळत नाही. खणाच्या उरलेल्या कपट्यांतून दोन पाकळ्यांचे ते पान सहज कापता येते. देवापुढे एक खरे पान ठेवावे आणि आप्तेष्टांना कापडाचे द्यावे. ते पुस्तकात खूण म्हणून राहते. यात परंपरेला बाधा येते असे कोणाला वाटत असेल, तर झाड भुंडे करण्याने परंपरा कशी राखली जाते, हेही त्याने सांगावे.

बाजारात हे सगळे तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. घरचे तोरण स्वस्त पडते, असा प्रचार कोणी करू नये. तासांचा हिशेब मांडला तर ते महागच पडते. प्लॅस्टिकचे तोरण किरकोळ पैशांत मिळते आणि दोन दिवाळ्यांत कचऱ्यात जाते. थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. तेव्हा सवय कायद्याने मोडावी लागली. कापडाच्या तोरणासाठी मात्र कायदा लागत नाही. लागतो तो सलग मिळणारा संध्याकाळचा तासभर, आणि आज घराघरांत दुर्मीळ झाला आहे तो नेमका हाच तास.

कापडाचा आणि शरद ऋतूचा आपल्या इतिहासात आणखी एक धागा आहे. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवसांत, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. पुढाकार फर्ग्युसन महाविद्यालयातील तरुण विद्यार्थी विनायक दामोदर सावरकरांचा होता आणि लोकमान्य टिळकांचे तेथे भाषण झाले. सावरकरांना दहा रुपये दंड झाला, वसतिगृह सोडावे लागले. होळीची आठवण दर वर्षी काढली जाते. पण जाळलेल्या कापडाच्या जागी कोणते कापड आले, ते कोणी विणले, ही निम्मी गोष्ट सांगायची राहून जाते. ७ ऑगस्ट हाच दिवस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. तरीही २००९-१० च्या गणनेत देशात सुमारे ४३ लाख असलेले हातमाग कामगार २०१९-२० च्या गणनेत सुमारे ३५ लाखांवर आले. त्यांत विणणाऱ्या हातांपैकी बहुसंख्य हात स्त्रियांचे आहेत.

मराठी घरांत चोळीला वापरला जाणारा खण पिढ्यान्‌पिढ्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डहून येत आला आहे. आज खणाची फॅशन आली आहे. पिशव्या, कंदील, पाकिटे, सगळीकडे खण. पण त्यातला पुष्कळसा यंत्रमागावरचा, कृत्रिम धाग्याचा असतो. तो चमकतो जास्त आणि इस्त्री लागली की आक्रसतो. म्हणून तोरणासाठी अर्धा मीटर का होईना, हातमागाचे चिन्ह पाहून घ्यावे. स्वदेशीवर व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्याने कंदिलाचे कापड कोठले, एवढे दुकानदाराला विचारले तरी त्याला उत्तर शोधावे लागते.

त्या पुण्याच्या घरातील तोरण पहिल्या वर्षी सात पानांचेच झाले. कोजागरीपर्यंत आणखी दोन पाने लागली. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत उरलेली दोन मागे पडली, ती पुढच्या वर्षी झाली. मुलीचा मोठा भाऊ नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला, तेव्हा त्याच्या सामानात काठाची एक छोटी पट्टी आणि पाच पाने गेली. तेथे ऑक्टोबरात झाडांची पाने लाल-पिवळी होतात, त्यात या हिरव्या पानांची गंमत वाटते, असे त्याने कळवले.

आणि आत्या? दुसऱ्या नवरात्रात त्या आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक निळा तुकडा होता. आईने त्यांना पहिल्या दिवाळसणाला घेतलेल्या साडीचा. "आंब्याची पाने निळी कुठे असतात?" असे मुलीने विचारले. आत्या म्हणाल्या, "नसू देत. शीव तू." ते निळे पान शिवले गेले, बारावे. आता पाने सम झाली म्हणून तेरावे कोणाच्या कापडाचे, यावर घरात अजून एकमत नाही. तोरण मात्र स्वयंपाकघराच्याच दाराला आहे. बाहेरच्या दाराचा विषय आत्यांपुढे कोणी काढत नाही.